पंचनाम्यात न मावणारे नुकसान

नगर शहराच्या उत्तरेला, मनमाड रस्त्यावर, सीनेच्या काठी असलेले नागापूर बहुतेकांना एमआयडीसीमुळे माहीत आहे. सरकारी कागदांत ते एक महसूल मंडळही आहे. पावसाळ्यात वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर सावेडी, केडगाव, भिंगार, जेऊर, वाळकी, चास यांच्या रांगेत त्याच्या नावापुढे एक आकडा छापून येतो: चोवीस तासांत इतके मिलिमीटर. पाऊस फारच झाला असेल तर काही आठवड्यांनी दुसरा आकडा येतो: इतके बाधित शेतकरी, इतके हेक्टर, मदतीचे इतके रुपये. या दोन आकड्यांच्या मध्ये जे घडून जाते त्याची नोंद कुठेच नीट राहत नाही. पाणी किती वाजता चढले, कुठपर्यंत आले, किती वेळ तुंबले. गारा पडल्या तेव्हा कांदा कोणत्या अवस्थेत होता. वाऱ्याने कोणत्या शेडचे पत्रे उडाले आणि शेजारचे का टिकले. वीज किती तास गेली आणि तेवढ्यात कोणाची पाळी बुडाली. या नोंदी कशा घ्याव्यात, कशा तपासाव्यात आणि त्यांतून काय काढता येते, याचा तपशील पुढील प्रकरणांत येईल. इथे एकच मुद्दा मांडायचा आहे. आपल्याकडे नुकसानीची नोंद मदतीच्या पोटी जन्माला येते आणि मदत वाटून झाली की संपते. तिला मदतीपासून सोडवल्याशिवाय अतिवृष्टी, गारपीट, वादळ यांचे आघात नेमके कसे होतात हे आपल्याला कळणार नाही.

पंचनाम्याला नावे ठेवण्याचा हा उद्योग नाही. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांनी चिखल तुडवत, एकेका गटात उभे राहून केलेली पाहणी ही राज्यातली सर्वांत बारीक जाळीची नुकसान-नोंद आहे. पुष्कळ देशांना तेवढीही साधत नाही. पण पंचनामा एकाच प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी असतो: हा माणूस मदतीला पात्र आहे की नाही? त्यामुळे त्यात उंबरठे येतात. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर अतिवृष्टी. पिकाचे ३३ टक्के किंवा अधिक नुकसान झाले तर मदत. (२०१५पूर्वी हा दुसरा उंबरठा ५० टक्क्यांचा होता.) मदतीला कुठेतरी रेघ ओढावीच लागते, हे मान्य. घोटाळा होतो तो ती रेघ निसर्गातच आहे असे आपण धरून चालतो तेव्हा. बत्तीस टक्के नुकसान झालेले शेत कागदावर नुकसान न झालेल्या शेताच्या ओळीत बसते, आणि पाच वर्षांनी कोणी अभ्यासक ती फाईल उघडतो तेव्हा त्याला ते शेत दिसतच नाही. वरच्या टोकालाही असेच आहे. मदत ठरावीक हेक्टरपर्यंत मिळणार असेल, तर त्यापलीकडचे मोजण्याचे कारण नोंद घेणाऱ्याला उरत नाही आणि सांगणाऱ्यालाही.

त्यातून ६५ मिलिमीटर हा आकडा हवामान खात्याच्या वर्गवारीतला आहे. ६४.५ मिलिमीटरपासून पुढचा पाऊस ‘जोरदार’ समजायचा, ही देशभराची मोजपट्टी. एकट्या नगर जिल्ह्यात ती लावून पाहिली तरी तिची मर्यादा कळते. पश्चिमेला अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीकडे वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे आषाढातल्या कित्येक दिवशी ६५ ओलांडले जातात आणि भातखाचरे त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. नगर तालुक्यात वर्षाची सरासरी साडेपाचशेच्या आसपास, म्हणजे ६५ मिलिमीटर हा वर्षाच्या पावसाचा नवव्या हिश्श्याजवळ जाणारा भाग एका दिवसात कोसळतो. शिवाय तो सप्टेंबरच्या शेवटी, सोयाबीन काढणीला आलेले असताना पडला की जूनमध्ये पडला, यानेही सगळे बदलते. पाऊस मोजणे म्हणजे आघात मोजणे नव्हे, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. सरकारी तक्त्यांना मात्र ते अजून उमगायचे आहे.

ते उमगायला किती वेळ लागतो याचे अलीकडचे उदाहरण म्हणजे ‘सततचा पाऊस’. दिवसाला ६५ मिलिमीटरची रेघ कधीच न गाठणारा, पण आठवडाभर उघडीप न देणारा पाऊस पिके सडवतो, मुळे कुजवतो, वाफसा येऊच देत नाही. हे जुने दुखणे. तरी निकषात बसत नाही म्हणून अशा वर्षांत वेगळे निर्णय घेऊन मदत द्यावी लागे, आणि प्रत्येक वेळी तोच वाद नव्याने घालावा लागे. अखेर २०२३ मध्ये राज्य सरकारने सततच्या पावसाला स्वतंत्र आपत्ती मानले आणि सलग पाच दिवस, रोज किमान १० मिलिमीटर अशा धर्तीचे निकष ठरवले. चांगलेच झाले. पण हे पाच आणि दहा कुठून आले? काळ्या जमिनीत पाच दिवस आणि मुरमाड जमिनीतही पाचच? ज्या मंडळांत पूर्वी असा पाऊस झाला होता तिथे कोणत्या दिवशी कोणते पीक गेले याच्या नोंदी हाताशी असत्या, तर ही रेघ अंदाजाने ओढावी लागली नसती, आणि कदाचित दहा वर्षे आधी ओढता आली असती.

याहून बोलके उदाहरण डिसेंबर २०२१च्या सुरुवातीचे आहे. पुणे जिल्ह्यातले जुन्नर, आंबेगाव, शिरूर आणि नगर जिल्ह्यातले पारनेर, संगमनेर, अकोले या पट्ट्यात अवकाळी पावसाबरोबर बोचरे वारे सुटले आणि एक-दोन रात्रींत शेळ्या-मेंढ्या मोठ्या संख्येने दगावल्या. पाऊस विक्रमी नव्हता, थंडीही एरवीच्या मानाने विक्रमी नव्हती. भिजलेली लोकर, वारा, उघड्यावरचा वाडा आणि रात्र या चौघांनी मिळून तो घात केला. पर्जन्यमापक, तापमापक आणि वायुवेगमापक यांचे आकडे सुटे सुटे वाचले तर कुठल्याही तक्त्यात ही घटना ‘तीव्र’ ठरणार नाही. मदतीसाठी शवविच्छेदन आणि पंचनामा लागतो. मेंढपाळ मात्र भटकंतीवर असतो, त्याचे गाव एकीकडे आणि मेलेला कळप दुसरीकडे. आपत्ती मदतीच्या निकषांत एका कुटुंबाला ३० शेळ्या-मेंढ्यांची मर्यादा आहे. म्हणजे ज्याचा शंभराचा कळप गेला त्याचे नुकसान मदतीच्या हिशोबात तिसावर थांबते. पुढच्या वेळी असे हवामान जुळून येताना दिसले तर मेंढपाळांना आदल्या दिवशी सावध करता येईल का, हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर द्यायला किती मेंढ्या, कोणत्या वयाच्या, कातरणीनंतर किती दिवसांनी, आडोशाला की उघड्यावर, हे माहीत हवे. मदतवाटपाला यातले काहीच लागत नाही, म्हणून फाईलीत त्याला जागाही नसते.

मदतीपासून स्वतंत्र अशी नोंद ठेवण्याची कल्पना परकी नाही. १८७६-७७च्या दख्खनच्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून आपल्या माणसांकडून माहिती मागवली आणि दुष्काळाचे वृत्तांत तयार करून सरकारला पाठवले. पिकांची स्थिती, धान्याचे भाव, स्थलांतर, गुरांची दशा, दुष्काळी कामांवरची मजुरी असा त्यांचा आवाका होता. सभेचे गणेश वासुदेव जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे केले ते दयेची याचना म्हणून नव्हे. ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणाने मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशोबावर आली तेव्हा, एवढ्यावर माणूस काम करून जगू शकत नाही हे म्हणायला सभेच्या हातात जिल्ह्यांतली माहिती होती. सरकारचे आकडेही होते, पण ते खर्च किती झाला हे सांगणारे. सभेचे आकडे माणसांवर काय बेतले ते सांगणारे. एकाच दुष्काळाची ही दोन दप्तरे शेजारी ठेवली की नोंद कोणाच्या गरजेने ठेवली जाते यावर तिच्यात काय उरते हे ठरते, हे स्पष्ट दिसते. पुढे १९७२च्या दुष्काळात हजेरीपटांनी नकळत तेच काम केले. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती, आणि हा आकडा इतका प्रचंड होता की पिकांच्या आणेवारीतून कधी न दिसलेले ग्रामीण मजुरांचे हाल त्यातून दिसले. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला, त्यामागे या हजेरीपटांचे वजन होते.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत रास्त वाटणारा आक्षेप असा की आज माहितीचा तुटवडा कुठे आहे? ‘महावेध’ प्रकल्पातून राज्यात दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे बसली, आता ग्रामपंचायतींपर्यंत जाण्याची तयारी चालली आहे, डोक्यावर उपग्रह आहेत, पंचनाम्याला ड्रोन येत आहेत. पण केंद्र मोजते ते पाऊस, तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि दिशा. ते गारा मोजत नाही. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये महाराष्ट्रातल्या बहुतेक जिल्ह्यांना झोडपणाऱ्या गारपिटीवर नंतर हवामानशास्त्रज्ञांनी लिहिले, बारामतीजवळच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेनेही पिकांच्या अंगाने अभ्यास केला. तरी कोणत्या शिवारात केवढी गार किती मिनिटे पडली याचे उत्तर शेवटी तिथल्या माणसांच्या सांगण्यातूनच आले असणार, कारण दुसरे कोणी तिथे नव्हतेच. उपग्रहाला हिरवेपणा कमी झालेला दिसतो; तो पाण्याने, गारांनी की रोगाने, हे दिसत नाही. आणि मंडळातले एक केंद्र संपूर्ण मंडळाचे प्रतिनिधी कसे? नागापूरसारख्या मंडळात कारखान्यांची शेडे, सिमेंटच्या वसाहती, नदीचे पात्र आणि शेतजमीन एकमेकांना खेटून आहेत. उन्हाळी वळीव तर एक शिवार भिजवून दुसरे कोरडे ठेवण्यासाठीच प्रसिद्ध. हवे ते सारे आकाशातून मिळेल या भरवशावर जमिनीवरची नोंद सोडून देणे महागात पडेल.

विम्याकडे तर वैयक्तिक नुकसानीची माहिती असतेच, असे म्हणणाऱ्यांनी २०२५चा खरीप पाहावा. पंतप्रधान पीक विमा योजनेत २०१६पासून स्थानिक आपत्तीचे कलम होते. गारपीट किंवा पाणी साचून नुकसान झाले की शेतकऱ्याने ७२ तासांत सूचना द्यायची. त्या सूचनांत अतिशयोक्ती होती, बोगस अर्जांची ओरड होती, सगळे खरे. पण तारीख, गट क्रमांक, पीक आणि कारण असलेल्या लाखो नोंदी त्या निमित्ताने गोळा होत. २०२५च्या खरिपापासून राज्याने एक रुपयात पीक विम्याची योजना बंद केली आणि स्थानिक आपत्तीचे कलमही काढले. भरपाई पीक कापणी प्रयोगावर ठरू लागली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पाथर्डी, शेवगाव, जामखेडसह मराठवाडा-सोलापूरपर्यंत पावसाने थैमान घातले. सरकारला ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर करावे लागले. विम्याचा निर्णय आर्थिकदृष्ट्या योग्य की अयोग्य हा वेगळा वाद आहे. नोंदीच्या दृष्टीने मात्र असे घडले की जेव्हा तिची सर्वाधिक गरज होती त्याच हंगामात ७२ तासांच्या सूचनांचा झराच आटला, आणि तो आटल्याचे कोणाला जाणवलेही नाही. नोंद दुसऱ्या कामाचे शेपूट असली की असेच होते.

दुसरा आक्षेप विश्वासार्हतेचा. लोक वाढवून सांगतात. सांगतात, आणि का सांगतात याचे कारण याच मांडणीत आहे. सांगण्याला पैसा चिकटला की आकडा फुगतो, पैसा सुटला की फुगवण्याचे कारण बरेचसे जाते. तरी चूक राहील, म्हणून नोंदीला दर्जा लावावा लागतो. युरोपातल्या तीव्र हवामानाच्या नोंदसंग्रहात प्रत्येक नोंदीवर ती आली तशी आहे, संभाव्य वाटते, दुजोरा मिळाला आहे की पूर्ण पडताळली आहे, असा शिक्का असतो. कच्ची नोंद फेकून न देता कच्ची म्हणून ठेवतात. तिथे दोन सेंटिमीटरपासून पुढची गार ‘मोठी’ धरली जाते. आपल्याकडे गार हरभऱ्याएवढी, बोराएवढी, लिंबाएवढी असते, आणि शहरी माणूस त्याला हसतो. हसण्यासारखे त्यात काही नाही. लिंबाएवढी म्हणजे चारएक सेंटिमीटर हे एकदा ठरवून घेतले आणि शक्य तिथे गारेशेजारी नाणे ठेवून फोटो काढला, की ही मोजपट्टी शास्त्राच्या कामाची होते. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या फोर्ट कॉलिन्स शहरात जुलै १९९७ मध्ये एकाच गावाच्या दोन भागांत पावसाची प्रचंड तफावत होऊन पूर आला. त्यातून पुढच्या वर्षी घरोघरच्या पर्जन्यमापकांचे जे जाळे उभे राहिले ते आज देशभर पसरले आहे, आणि त्यात पाऊस मोजणारे लोक पगारी शास्त्रज्ञ नाहीत. इतके लांब जाण्याचीही गरज नाही. नगर तालुक्यातच हिवरे बाजारने पडलेल्या पावसाचा हिशोब मांडून त्यावर पिकांचा निर्णय घेण्याची शिस्त वर्षानुवर्षे टिकवली. सामान्य माणसाला नोंद ठेवता येत नाही हे म्हणणे या जिल्ह्यात तरी टिकणार नाही. हिवरे बाजारची नोंद टिकली कारण तिच्यावर काही ठरत होते. हा धडा पुढे नोंदवही आखताना लागेल.

विश्लेषणाकडे वळताना एका गोष्टीचा आग्रह धरावा लागतो, आणि ती ऐकायला विचित्र वाटते: नुकसान झाले नाही याचीही नोंद हवी. नागापूर मंडळात एखाद्या रात्री ९० मिलिमीटर पाऊस झाला आणि सकाळी कुठे काही बिघडलेले नव्हते, तर ती नोंद पुराच्या नोंदीइतकीच मोलाची. आघाताचा उंबरठा दोन्ही प्रकारच्या रात्री शेजारी ठेवल्यावरच दिसतो. नुसत्या संकटांची यादी केली तर प्रत्येक मोठा पाऊस संकटच आणतो असे वाटू लागते. जागतिक पातळीवरच्या सर्वांत प्रसिद्ध आपत्ती-संग्रहात घटना घेण्यासाठी दहा मृत्यू किंवा शंभर बाधित अशा अटी असतात. आपल्या हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाकडून १९६७पासून घातक हवामान-घटनांचे वार्षिक अहवाल निघतात, आणि त्यांच्या आधारे केलेल्या एका अभ्यासात १९७० ते २०१९ या पन्नास वर्षांत ७,०६३ घटनांत १,४१,३०८ मृत्यू मोजले गेले. हे काम मोठे आहे. पण जिथे माणसे फारशी मरत नाहीत आणि संसार मात्र पुन्हा पुन्हा खचतो, असा नगर तालुक्यासारखा प्रदेश मृत्यूंच्या मोजणीत अंधुकच राहतो. आणखी एक सावधगिरी: नोंदणारे वाढले की नोंदी वाढतात. पहिल्या काही वर्षांत आलेख वर चढेल आणि कोणीतरी उत्साहाने हवामानबदलाचा पुरावा म्हणून तो फडकावेल. तो पुरावा नसेल. म्हणून प्रत्येक वर्षी नोंदणारे किती होते हेही लिहून ठेवायचे.

नागापूरमध्ये शेतीपलीकडचा एक मोठा प्रश्न उरतो. वादळाने औद्योगिक वसाहतीची वीज गेली, पाळी रद्द झाली, तर कायम कामगाराचे फारसे बिघडत नाही. कंत्राटी कामगाराचा रोज जातो. हा बुडालेला रोज कोणत्याही पंचनाम्यात येत नाही, कारण त्याला सातबारा नसतो. भाड्याच्या खोलीत पाणी शिरले तर घरमालकाची भिंत मोजली जाते. भाडेकरूचे भिजलेले धान्य आणि मुलांची दप्तरे मोजली गेली तर नशीब. अशा नोंदींसाठी सरकारी चौकटीत जागा निर्माण होण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. त्या आधी जमल्या तरच अशी चौकट बदलते, हे हजेरीपट आणि रोजगार हमीच्या उदाहरणात दिसलेच आहे.

शेवटचा आक्षेप उघडपणे कोणी घेत नाही, पण तो सर्वांत चिवट आहे. सीनेचे पाणी अमुक वस्तीत अमुक उंचीपर्यंत आले अशी तारीखवार नोंद सार्वजनिक झाली, तर तिथल्या प्लॉटचे भाव पडतील, बांधकाम परवानगी अडेल. महाराष्ट्रात पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखली जाते. वाढत्या शहरात या रेषा नेमक्या कुठून जातात यावरचे भांडण मुळात पैशाचे असते. ज्याने आयुष्याची पुंजी घालून गुंठा-दीड गुंठा घेतला त्याची भीती खोटी नाही, आणि नोंद ठेवणाऱ्याने तिला स्वार्थ म्हणून उडवून लावू नये. पण नोंद नसल्याने पाणी यायचे थांबत नाही. फक्त ते माहीत असलेला विकून मोकळा होतो आणि माहीत नसलेला विकत घेतो. सप्टेंबर २०२५ मध्ये याच सीनेच्या खालच्या अंगाला करमाळा, माढा, मोहोळकडची गावे पाण्यात गेली. वरच्या अंगाचे पाणी किती वेळात तिथे पोचते हे सांगायलाही वरच्या गावांतल्या वेळेनिशी नोंदी लागतात, आणि त्या खालच्या गावांना मागून मिळणाऱ्या नाहीत. म्हणून या पुस्तकात सुचवलेल्या नोंदवहीत घरमालकाचे नाव नाही, गट क्रमांकही नाही. ठिकाण आहे ते जवळच्या पक्क्या खुणेपासून, म्हणजे पूल, मंदिराची पायरी, विजेचा खांब यांपासून. पाण्याची उंची, वेळ, किती तास टिकले, आणि नोंदणाऱ्याने ते स्वतः पाहिले की ऐकले. एवढ्याने कोणाचा सातबारा धोक्यात येत नाही, आणि निळी रेषा पुन्हा आखायची वेळ येईल तेव्हा ती आखणाऱ्याला हिशोबातल्या पुराशेजारी प्रत्यक्ष आलेला पूर ठेवून पाहता येतो.